न पाहिलेल्या घरातल्या पाहुण्यांसाठी

आधी माफी मागतो, कारण हे लिहायचा मला फारसा अधिकार नाही. मराठी हा विषय बारावीलाच सुटला. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला शिकायला आल्यापासून तर माझं मराठी फोनवर बोलण्यापुरतं आणि रूममेटशी भांडण्यापुरतं उरलं आहे. त्यातून ज्या घराबद्दल लिहायचं आहे ते घर मी पाहिलेलंही नाही. ते लिस्बनमध्ये आहे, एका चढाच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. युरोपात मी एकदाच उतरलो, तेही फ्रँकफर्टच्या विमानतळावर, चार तास. आणि ते चार तास मी बॅग दोन्ही पायांत धरून एकाच खुर्चीत काढले. तरीही लिस्बनच्या त्या घरात उतरणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या सूचना मी लिहिल्या आहेत. दोन पानं आहेत. प्लॅस्टिकमध्ये बंद करून ती तिथल्या फ्रिजवर लावलेली आहेत म्हणे. हे धाडस माझ्याकडून कसं झालं, हे मलाच नीट सांगता येत नाही. म्हणून लिहून बघतो.

आज आठवण झाली ती बर्फामुळे. मार्च संपत आला की इथल्या बर्फाची फार दशा होते. डिसेंबरात ज्याचे फोटो काढून आईला पाठवले होते, तोच बर्फ पार्किंगच्या कोपऱ्यांत काळा पडून बसतो. त्याला भोकं पडतात. त्यातून हरवलेले हातमोजे वर येतात, एखादी चावी, कुणाच्या सायकलचा दिवा. दिवसभर कुठूनतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येतो, पण पाणी दिसत नाही. बुटांवर रस्त्यात टाकलेल्या मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. लायब्ररीत जागा मिळत नाही, कारण परीक्षा जवळ आलेल्या असतात. मला या दिवसांचं नाव माहीत नाही. इथले लोक याला वसंत म्हणतात, पण ते म्हणताना जरा खांदे उडवतात.

त्यातच आज सकाळी मार्था पोर्चवर उभी राहून म्हणाली, "मिलिंद, लिस्बनचे कागद एकदा वाचून बघशील का? पुढच्या महिन्यात लोक जायला लागतील." आणि मला मागचं वर्ष जसंच्या तसं आठवलं.

मार्था आमची घरमालकीण. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत ग्रंथपाल होती. तिच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी आणि पुण्याचा तन्मय राहतो. लिस्बनचा तो फ्लॅट तिच्या नवऱ्याच्या घराण्यातला. नवरा गेला, आणि कंबरेच्या ऑपरेशननंतर मार्थाला तीन मजले चढवत नाहीत. लिफ्ट नाही. म्हणून ती तो फ्लॅट ओळखीच्या लोकांना राहायला देते: जुने शिक्षक, शेजारी, त्यांची मुलं. त्यांच्यासाठी एक वही होती. नवऱ्याच्या अक्षरातली, मग तिच्या अक्षरातली, मधे खाडाखोड, समासात फोन नंबर. मागच्या मार्चमध्ये ती वही माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "तू सारखा टाइप करतच असतोस. हेही करशील? जरा नीट, समजेल असं."

मी हो म्हणालो. मला कुणी काही लिहायला सांगितलं याचंच अप्रूप वाटलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अर्ज भरणं, पत्रं वाचून दाखवणं ही कामं मी सातवीपासून करत आलो. पण ती सगळी दुसऱ्याने लिहिलेली असायची.

तन्मय खूप हसला. "यार, तू डेट्रॉइट तरी नीट बघितलंयस का? आणि लिस्बनच्या टिप्स देणार?"

"वहीत आहे सगळं. मी फक्त नीट लिहितोय."

"हां, सगळे गाइड असंच म्हणतात."

पण वही वाचायला लागलो आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली. ते घर मला ओळखीचं होतं. वहीत लिहिलं होतं की न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे, नळ सोडल्यावर तो फुस्स करून पेटतो, घाबरू नका, गरम पाणी यायला जरा वेळ लागतो, आणि स्वयंपाकघरातला नळ त्याच वेळी सोडला तर इकडचं पाणी गार होतं. अमेरिकन पाहुण्यांना हे नवल होतं. नागपुरात भाड्याच्या खोलीत राहिलेल्या मला नव्हतं. कपडे खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घालायचे, पण नीट पिळून, नाहीतर खालच्या बाईच्या खिडकीत पाणी ठिबकतं. हेही मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दाराला चावी लावून दोनदा फिरवायची आणि दार स्वतःकडे ओढून धरायचं, तरच कुलूप लागतं. आमच्या घराचं दारही असंच आहे, फक्त ते ओढायचं नाही, खांद्याने रेटायचं. जिन्यातला दिवा थोड्या वेळाने आपोआप विझतो, तेव्हा प्रत्येक मजल्यावर बटण कुठे आहे ते हाताने चाचपून ठेवा. दुकानात शिरल्यावर काही मागायच्या आधी नमस्कार म्हणा. हॉटेलात तुम्ही न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर आणून ठेवतात. खाल्लं तर ते बिलात धरतात, नको असेल तर हात लावू नका, कुणाला राग येत नाही. पाऊस पडला की फुटपाथचे पांढरे दगड साबणासारखे होतात, चामड्याच्या तळव्याचे बूट घालू नका.

मी ही वाक्यं लिहीत होतो आणि खिडकीखाली मार्थाच्या अंगणातला बर्फ गळत होता. मनाने मी त्या जिन्यात होतो. कुठे उजेड कमी आहे, कुठे कठड्याला हात लावावा लागेल, हे मला दिसायला लागलं होतं. ओळखीचं वाटलं की आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं. माझी चूक बहुतेक तिथेच सुरू झाली.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: चावी तळमजल्यावर लुर्देसकडे. तिच्या दाराच्या आत खिळा आहे, त्यावर टांगलेली असते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवा. लुर्देस नेईल.

लुर्देस कोण, असं मी मार्थाला विचारलं. ती म्हणाली, तळमजल्यावर राहते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तीस वर्षं तीच चावी सांभाळते, पाहुणे गेले की घर झाडते, चादरी धुते. त्यावर तिचं घर थोडंफार चालतं.

मार्थाहून मोठी. मार्थाला जे जिने चढवत नाहीत, तेच जिने.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं. भंडाऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी सरकारी रेस्ट हाउस आहे, तिथे आई सफाईचं काम करते. मला कळायला लागल्यापासून करते. रेस्ट हाउसच्या पडवीत एक हिरवा बोर्ड आहे. पाहुण्यांसाठी सूचना. पलंगावर बसून जेवू नये. खोली सोडताना पंखे बंद करावेत. तक्रार असल्यास नोंदवहीत लिहावी. अकरावीच्या सुट्टीत मी तिला डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा तिने फडकं पिळता पिळता मला विचारलं होतं, "काय लिवलं हाय रे त्याच्यात?" मी सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माह्याबद्दल काही हाय का?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. म्हणालो, "नाही."

"मंग बरं," ती म्हणाली आणि पुसायला लागली.

त्या 'मंग बरं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण तेव्हापासून कुठेही पाहुण्यांसाठी सूचना दिसल्या की मी त्या पाहुण्याच्या बाजूने वाचत नाही. कुणाला वाकावं लागणार आहे, एवढंच बघतो.

तर मी ते शेवटचं वाक्य बदललं. लिहिलं: कचऱ्याची पिशवी कृपया स्वतः खाली न्यावी, उतार संपतो तिथे मोठ्या पेट्या आहेत, काचेसाठी वेगळी पेटी आहे, दोना लुर्देस यांना जिना चढण्याचा त्रास देऊ नये. 'दोना' हा शब्द मी शोधून काढला. आपल्याकडे बाई किंवा ताई म्हणतात तसा तिकडचा आदराचा शब्द. तो पहिल्या पानावरही घातला. मार्थाने चष्मा नाकावर ठेवून कागद वाचले, "सुंदर," म्हणाली, तिकडे निघालेल्या एका मैत्रिणीबरोबर पाठवून दिले. तिला बदल दिसला नसावा. मी दाखवलाही नाही. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मी दाखवला नाही कारण मला त्याचा अभिमान वाटत होता आणि अभिमान चोरून ठेवायची मला सवय आहे.

दोन आठवड्यांनी मार्थाने खालून हाक मारली. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचा टॅब्लेट होता. लुर्देसची भाची इनेश लिस्बनमध्ये औषधांच्या दुकानात काम करते, तिला इंग्रजी येतं. तिचा निरोप होता. मी तो इतक्या वेळा वाचला की मराठीतही मला तो पाठ आहे. मावशीने नवीन कागद माझ्याकडून वाचून घेतला. तिला समजलं की तुम्हाला आता तिने वर आलेलं नको आहे. इतकी वर्षं तिच्याकडून काही चूक झाली असेल तर तिला ती कळलेली नाही. चावी तिने पाकिटात घालून माझ्याकडे दिली आहे. ती कुणाकडे द्यायची ते कळवावं.

मार्थाने विचारलं, "हे वाक्य कुठून आलं?"

"मी लिहिलं."

"वहीत नव्हतं?"

"नव्हतं. तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत त्या. तीन मजले. मला वाटलं..."

मार्था रागावली असती तर बरं झालं असतं. तिने जुनी वही ओढून तिचं शेवटचं पान उघडलं. मग म्हणाली, "तीस वर्षं मी ते वाक्य वाचतेय. त्यात मला कधी काही खटकलं नाही. तुला खटकलं, ते बरोबरच असेल. पण मिलिंद, खाली माझं नाव आहे. तिला वाटतंय हे मी लिहिलं."

तिने लिस्बनला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. इनेशने कळवलं की मावशी फोनपाशी येत नाही, म्हणते की मार्थाला अडचणीत टाकायचं नाही, मार्थालाच हे तोंडावर सांगवत नसेल. ईस्टरच्या शनिवारी मार्थाच्या शाळेतली एक जोडी तिथे उतरणार होती. पण मला त्या जोडीची फिकीर नव्हती. चावी इनेशकडूनही घेता आली असती. मला दिसत होता तो रिकामा खिळा. एका बाईच्या दारामागे तीस वर्षं जिथे चावी होती तिथे आता काही नाही, आणि ते मी केलं, साता समुद्रांपलीकडून, चांगल्या हेतूने.

ते दिवस मला असे आठवतात: बसमध्ये खिडकीशी बसायचं, पुढ्यात संख्याशास्त्राच्या नोट्स, आणि बाहेर रस्त्यांतले खड्डे. बर्फ गेल्यावर इथले रस्ते उघडे पडतात आणि बस प्रत्येक खड्ड्यात उतरते. नोट्समधली अक्षरं हलायची. मी पानाच्या मागे माफीचं पत्र लिहायचो आणि खोडायचो.

तन्मयला दाखवलं. त्याने वाचून कागद परत दिला. "हे बघ, राग मानू नकोस. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' हे बँकेचं पत्र आहे, यार. कार्ड ब्लॉक झालंय का तिचं?"

"मग तूच लिही."

"मी नाही. मी असतो तर त्या ओळीपर्यंत पोचलोच नसतो. मला कळलंच नसतं त्यात काय आहे." मग म्हणाला, "आमच्या पुण्याच्या घरी कचरा न्यायला मावशी येतात. मी खरंच सांगतो, मला त्यांचं नाव माहीत नाही." एवढं बोलून तो भांडी घासायला उठला. त्या दिवशी त्याची पाळीही नव्हती.

आईला मी हे सांगणार नव्हतो. तिला माझ्या परीक्षेची काळजी असते, आणि तिच्या मते अमेरिकेत माणसाला एकच काम असतं, पेपर देणं. पण व्हिडिओ कॉलवर तिच्यापासून काहीच लपत नाही. माझी सकाळ होती, तिची संध्याकाळ. ती रेस्ट हाउसच्या मागच्या अंगणात दोरीवरच्या चादरी काढत होती, फोन कठड्यावर उभा करून ठेवलेला. कधी ती दिसायची, कधी नुसती चादर.

"जयंतीची पांढरी साडी इस्त्रीले दिली आज," ती म्हणाली. मग फोनच्या जवळ आली. "काहून रे? तोंड असं काहून केलं? जेवला नाहीस का?"

"जेवलो. आई, माझ्याकडून एक चूक झाली."

"पेपरात?"

"पेपर व्हायचेत अजून." मी सगळं सांगितलं. लिस्बन तिला समजलं नाही, मी 'परदेशातलं अजून एक गाव' म्हणालो. बाकी सगळं समजलं.

"जिना किती तिचा?"

"तीन मजले."

"लिफ्ट?"

"नाही."

"अन् तू तिले विचारलं होतं का?"

"नाही."

"मार्थाबाईले?"

"नाही."

"मंग कोणाले विचारून लिवलं?"

मी म्हणालो, "तुझ्याकडे बघून लिहिलं."

चादर दोरीवरून निघाली, हवेत फुगली, दुमडली, पुन्हा दुमडली. चादरीमागून तिचा आवाज आला. "मले तरी कुठं विचारलं?"

मग ती कठड्यावर येऊन बसली. म्हणाली, दिवाळीच्या आधी एक साहेब आला होता, चार दिवस. लय भला माणूस. जायच्या दिवशी पहाटे उठून त्यानं सवताच चादरी घडी केल्या, खोली झाडली, कुलूप लावलं, किल्ली ऑफिसात दिली अन् निघून गेला. "मी आली तं दाराले कुलूप. आत जावं तं ऑफिसातून किल्ली मागा. खोली पाहतो तं आरशासारखी. मी म्हटलं, काय झालं असंन? काही हरवलं का साहेबाचं? माह्यावर शक आला का? दिवसभर पाणी गोड लागलं नाही. संध्याकाळी चौकीदार म्हणते, साहेब म्हणे, बाईंना त्रास नको म्हणून केलं. अरे, मंग एवढं मले सांगून गेला असता तं?"

ती हसत होती. मला हसता आलं नाही.

"तुला आवडतं का ते काम?" मी विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"आवडते का म्हंजे?" तिने नाक उडवलं. "चादरी आवडतात. वाळलेल्या चादरीचा वास आवडते. संडास नाही आवडत. कोणाले आवडंन? बादल्या वर नेताना गुडघा ठणकते. पण खोलीची किल्ली माह्या कमरेले असते, ते आवडते. साहेब असो का मंत्री, किल्ली माह्याकडून घेते." मग एकदम, "ठेव आता. अभ्यास कर. अन् त्या बाईले लिव. तुह्या शब्दांत लिव, साहेबावानी नको."

मी त्याच दिवशी लिहिलं. वर्गात जायच्या आधी, बसथांब्यावर उभ्याउभ्या, फोनवर. तोवर थांब्यामागचा काळा ढीग गुडघ्याएवढा उरला होता. पत्र साधारण असं होतं: दोना लुर्देस, ते वाक्य मार्था यांचं नाही, माझं आहे. मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहणारा विद्यार्थी. माझी आई भारतात एका सरकारी पाहुणेघरात तुमच्यासारखंच काम करते आणि तिचे गुडघे दुखतात. तुमचा जिना वाचताना मला तिचा जिना दिसला, आणि मी तुम्हाला न विचारता लिहून टाकलं. तुमचं काम कुणी काढून घेतलेलं नाही. कचऱ्याबद्दल काय लिहावं हे तुम्हीच सांगा; तुम्ही सांगाल ते मी लिहीन. पिशवी दाराबाहेर ठेवा असंच लिहायचं असेल तर तेही लिहीन. चावी कृपया दुसऱ्या कुणाला देऊ नका.

मार्थाने ते इनेशला पाठवलं. खाली तिने स्वतःचं एक वाक्य जोडलं, ते मला दाखवलं नाही.

मग काहीच आलं नाही. एक आठवडा गेला. माझे पेपर सुरू झाले. मी पेपर लिहून बाहेर यायचो आणि आधी फोन बघायचो. सगळ्यांना वाटायचं निकालाची काळजी आहे. मार्थाच्या अंगणात पहिल्यांदा माती दिसली. तिने चिकटलेली जुनी पानं झाडूने ओढायला घेतली, मी झाडू मागितला, तिने दिला नाही. मग मीच थांबलो आणि विचारलं, "करू का, की तुम्हाला करायचंय?" ती म्हणाली, "मला करायचंय. तू पिशवी धर." मी पिशवी धरली. सबंध दुपार आम्ही दोघांनी मिळून गेल्या वर्षीची पानं भरली.

त्या दुपारी मी मनात लिस्बनचं घर पुन्हा एकदा फिरून आलो. या वेळी मला ते ओळखीचं वाटलं नाही. गीझर ओळखीचा होता, दोरी ओळखीची होती. पण तळमजल्यावरचं दार बंद होतं आणि त्याच्या आत कोण बसलं आहे, तिला सकाळी चहा लागतो की कॉफी, ती जिना चढताना कुणाला शिव्या देते, वर गेल्यावर खिडकीतून काय बघते, मला काही माहीत नव्हतं. सूचना लिहायला घर माहीत असलं की पुरतं, असं मी समजलो होतो.

शेवटचा पेपर गुरुवारी होता. बसमधून उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि तरीही थंडी होती, इथे असतं तसं. थांब्यामागच्या ढिगाच्या जागी नुसता ओला डाग राहिला होता, त्यात कुणाचा तरी लाल हातमोजा. मी तो उचलून थांब्याच्या बाकावर ठेवला, कुणाला दिसावा म्हणून.

मार्था पोर्चवर उभी होती. घरातल्या सपाता घालून, कोट न घालता, हातात टॅब्लेट. मी फाटकाशी पोचलो नव्हतो तोच तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेतल्या मुलांना वाचून दाखवावं तसं, शब्द सुटे सुटे करून. तन्मय वरच्या खिडकीतून बाहेर डोकावला.

इनेशने लिहिलं होतं: मावशी म्हणते, उत्तराला उशीर झाला कारण ती विचार करत होती. पिशवी पाहुण्यांनीच खाली आणावी. तिचे गुडघे खरंच दुखतात, दोन वर्षं झाली, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. पण पेट्यांकडे जायच्या आधी त्यांनी तिचं दार वाजवावं. कुठल्या पेटीत काय टाकायचं ते ती दाखवेल, कारण तुमचे लोक काच नेहमी चुकीच्या पेटीत टाकतात. शिवाय घरात कोण राहतंय त्याचं तोंड तिला बघायचं असतं. झाडायला आणि चादरी घ्यायला ती वर जाईल, तिच्या वेळेने. गीझरबद्दल मुलाने लिहिलंय ते बरोबर आहे. त्याच्या आईला विचारा, तिच्याकडे किती पायऱ्या आहेत.

मार्था थांबली. चष्मा वर सारून डोळे पुसले, पुन्हा खाली घेतला.

"पुढे काय आहे?" तन्मय वरून ओरडला. "मार्था, पुढे वाच ना!"

"एवढंच राहिलंय," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून शेवटची ओळ वाचली. "शनिवारी येणाऱ्या लोकांना कळवा. चावी खिळ्यावर आहे."